आधी खोली, मग लोखंड: घरच्या जिमची पहिली मांडणी

घरी जिम करायचं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी सामानाची यादी, मग खरेदी, आणि खोकी दारात येऊन पडली की हे सगळं ठेवायचं कुठे याचा विचार. मीही तेच केलं. रॅक, म्हणजे बार टेकवायचा उभ्या खांबांचा लोखंडी सांगाडा, आणला, दोन तास खपून नट-बोल्ट आवळले, उभा केला आणि गॅरेजचं दार उघडायला गेलो. वर सरकून छताखाली आडवं होणारं ते दार रॅकच्या डोक्याला येऊन अडलं. छताची उंची मी मोजली होती. उघडलेलं दार छतापासून किती खाली लोंबतं, हे मोजायचं मात्र सुचलं नव्हतं. रॅक पुन्हा सोडवून दीड मीटर मागे नेला, त्यात बेंचची जागा गेली आणि एक ट्यूबलाइट फुटली.

म्हणून पुढचा क्रम असा आहे: मापं, जमीन, हवा-वीज, आणि मग सामान. घाई असेल तर शेवटचं पुढे ढकला, पहिलं नको.

मेजटेप घेऊन खोलीत उभे राहा

लांबी-रुंदी सगळेच मोजतात. तुम्ही अडथळे मोजा. दार कोणत्या बाजूला आणि किती उघडतं, खिडकीची पाखं आत येतात का, बीम कुठे खाली उतरलाय, स्विचबोर्ड कुठे आहे, आणि रिकाम्या खोलीत सर्वांत जास्त विसरला जाणारा तो छताचा पंखा. हात वर करून वजन उचलायच्या जागेवर पंखा असेल तर एक तर जागा बदला, नाही तर पंखा भिंतीवर न्या.

उंचीचा हिशेब कागदावर करू नका, अंगाने करा. व्यायामाचे बूट घाला, जाड मॅट टाकणार असाल तर तेवढ्या जाडीच्या फळीवर उभे राहा, आणि झाडूचा दांडा दोन्ही हातांत धरून डोक्यावर सरळ उचला. दांड्यापासून छतापर्यंत किती जागा उरते ते कुणाला तरी मोजायला सांगा. बारबेलच्या (दोन्ही टोकांना प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, चढवायचा लांब बार) मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे बारच्या वर प्लेट २२.५ सेंटीमीटर जाते. त्यात १०-१५ सेंटीमीटर मोकळीक धरा. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाला उभ्याने ओव्हरहेड प्रेस (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणं) करायला या हिशेबाने साधारण अडीच मीटर छत लागतं. तेवढं नसेल तर हा एक व्यायाम बसून करा, तेवढ्यासाठी बेत मोडायचं कारण नाही. पुल-अपला, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढताना, हनुवटी बारच्या वर जाते, म्हणजे डोकं आणखी २५-३० सेंटीमीटर वर. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून १५-२० सेंटीमीटर उंच असतो आणि धावताना माणूस उसळतो, तेही धरा.

आता रुंदी. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. पूर्ण लांबीचा ऑलिंपिक बार २.२ मीटर असतो. खोली अडीच मीटर रुंद आहे म्हणजे बार मावला, असं वाटतं. बार मावतो, पण प्लेट चढवता येत नाही. प्लेट बारच्या टोकावरून आत सरकवायची असते, त्यामुळे दोन्ही टोकांना निदान ४५ सेंटीमीटर मोकळे हवेत आणि ६० असतील तर कोपर भिंतीवर घासत नाही. म्हणजे बारच्या दिशेने ३.१ ते ३.४ मीटर जागा लागते. तेवढी नसेल तर खोलीच्या लांबीच्या दिशेने बार ठेवून पाहा. तरीही जमत नसेल तर लोक आखूड बार घेतात, आणि तिथे दुसरा फास बसलेला असतो: रॅक बहुधा पूर्ण बारच्या मापाचे बनतात. पूर्ण बारवर प्लेट अडवणाऱ्या दोन कडांमधलं अंतर १३१ सेंटीमीटर असतं. आखूड बारवर ते कमी असलं तर बार रॅकच्या खांबांवर नीट बसतच नाही. आखूड बार घेताना त्याची एकूण लांबी विचारू नका, या दोन कडांमधलं अंतर विचारा आणि ते रॅकच्या बाहेरच्या रुंदीशी ताडून पाहा.

मापं झाली की जमिनीवर मास्किंग टेपने प्रत्येक वस्तूची चौकट आखा. रॅक साधारण १२० बाय १२० ते १५० सेंटीमीटर जागा खातो, बेंच १२० बाय ३०. आखलेल्या बेंचवर प्रत्यक्ष आडवे व्हा. झाडूचा दांडा घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठक, करा, दोन पावलं मागे या. दोन दिवस चौकटी तशाच राहू द्या. चौकटीत अडखळलात तर लोखंडालाही अडखळणार आहात.

जमीन

या भागावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं. रॅक उभा राहिल्यावर जमीन बदलायची म्हणजे सगळं बाहेर काढायचं.

गॅरेजची जमीन सपाट नसते. पाणी बाहेर जावं म्हणून तिला दाराकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पाणसळ ठेवली की कळतो. उतारावर एक पाय खाली ठेवून महिनोन् महिने स्क्वॉट करणं बरं नाही. त्यामुळे एक तर उताराकडे तोंड किंवा पाठ करून उभं राहता येईल असा रॅक लावा, म्हणजे दोन्ही पाय एकाच पातळीवर येतील, नाही तर प्लायवुडखाली पाचरी देऊन तेवढी जागा समतल करा. रॅकच्या पायांखालीही पाचर लागू शकते. हाताने हलवून पाहा, डुगडुगला तर सोडू नका.

खोली वरच्या मजल्यावर असेल तर वजनाची धास्ती साहजिक आहे. घरातल्या खोल्यांची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचा भार धरून आखतात. आपला हिशेब मांडू: रॅक १०० किलो, बेंच २५, प्लेट १५०, बार २० आणि तुम्ही ८०. एकूण ३७५ किलो. रॅकची दीड बाय दीड मीटरची जागा धरली तर चौरस मीटरला सुमारे १६७ किलो. म्हणजे सुस्थितीतल्या काँक्रीटच्या स्लॅबला नवख्याचं सामान फारसं जड नाही, विशेषतः रॅक खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळ, भिंतीच्या कडेला ठेवलात तर. पण हा हिशेब ठेवलेल्या वजनाचा आहे, टाकलेल्या वजनाचा नाही. १०० किलोचा बार हातातून सुटला की त्या क्षणी जमिनीला बसणारा दणका कित्येक पटींनी मोठा असतो. वरच्या मजल्यावर वजन टाकायचंच नाही, हा नियम करून टाका. लाकडी तक्तपोशी, जुनी इमारत, तडे गेलेला स्लॅब किंवा भिंतीबाहेर काढलेली गॅलरी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तिथे माझा किंवा कुणाचाच अंदाज कामाचा नाही.

आता वर काय अंथरायचं. कोड्यासारखे एकमेकांत अडकणारे रंगीत फोमचे चौकोन योगासनांना, पोटाच्या व्यायामाला छान. वजनांखाली ते दबतात, सरकतात आणि उभं राहिल्यावर पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं. खांद्यावर बार असताना ते नको. रबर घ्या. नुसत्या डंबेलसाठी ८-१० मिलिमीटर पुरतं. बारबेल आणणार असाल तर जनावरांच्या गोठ्यात, तबेल्यात घालतात तसली १८-२० मिलिमीटर जाडीची घट्ट रबराची मॅट सर्वांत टिकाऊ. ती प्रचंड जड असते, दोघांनी उचला, आणि नवी असताना तिचा वासही उग्र येतो. साबणाच्या पाण्याने घासून चार-पाच दिवस उन्हात ठेवली की वास बराच कमी होतो. बंद खोलीत थेट अंथरली तर पहिला आठवडा तुम्ही व्यायामापेक्षा डोकेदुखीच मोजाल.

टाइल्स असतील तर मॅट एकटी पुरत नाही. टाइल मध्ये पोकळ बसली असेल तर रबरावरूनही तडकते. नाण्याने ठोकून पाहा, भदभद आवाज आला की खाली पोकळी आहे. डेडलिफ्टसाठी (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम) प्लॅटफॉर्म करणं अवघड नाही: १८ मिलिमीटर प्लायवुडचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत अशा आडव्या-उभ्या दिशेने, आणि त्यावर मध्ये पायांसाठी लाकूड व दोन्ही बाजूंना प्लेट टेकतात तिथे रबर. थर स्क्रूने एकमेकांना जोडा, जमिनीला नको. पुढे घर बदललंत तर उचलून नेता येतो.

हवा, गंज, वीज

गॅरेजमध्ये गाडीही राहणार असेल तर एक गोष्ट पक्की: व्यायामाच्या आधी किंवा व्यायाम चालू असताना आत इंजिन सुरू करायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धापा टाकणारा माणूस नेहमीच्या कित्येक पट हवा आत ओढत असतो. गाडी बाहेर काढा, दार उघडं ठेवून हवा खेळू द्या, मग सुरू करा. पेट्रोलचे डबे, रंग, थिनर हे दुसरीकडे हलवा. एक खिडकी किंवा जाळी हवा आत यायला आणि समोरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन बाहेर टाकायला, एवढी सोय बहुतेक खोल्यांना पुरते.

गंज मात्र खिडकी उघडून जात नाही, कधी कधी वाढतोच. रात्रभर गार झालेल्या लोखंडावर सकाळची कोमट दमट हवा आली की त्यावर दव धरतं, गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. बारचा खरखरीत भाग सर्वांत आधी गंजतो, कारण त्या खाचांत घाम आणि चॉक (पकड सुटू नये म्हणून हाताला लावायची पांढरी पूड) अडकतो आणि चॉक ओल धरून ठेवतो. उपाय पाच मिनिटांचा आहे: व्यायाम संपला की नायलॉनच्या ब्रशने खाचा झाडायच्या, फडक्याने पुसायचं, आणि महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलासारख्या पातळ तेलाचा हलका हात फिरवून जादा तेल टिपून घ्यायचं. हवा फारच दमट असेल तर बारमध्ये काटकसर करू नका, स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या क्रोम मुलाम्याचा घ्या. प्लेट गंजल्या तरी काही बिघडत नाही, तारेच्या ब्रशने घासून रंग मारता येतो.

विजेचं थोडक्यात. ट्रेडमिलला अर्थिंग असलेला, जड उपकरणांचा वेगळा सॉकेट द्या. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका, वायर तापते. दिवा रॅकच्या बरोबर वर लावू नका. बेंचवर आडवं झालं की तो थेट डोळ्यांत घुसतो आणि बार दिसत नाही.

सामान: काय आधी, काय कधीच नाही

माझं मत सरळ आहे: एखाद्या वस्तूवाचून काम अडतंय असं सलग महिनाभर जाणवलं तरच ती आणा. जोर-बैठकांना काही लागत नाही. तेवढ्यावर दोन-तीन आठवडे त्या रिकाम्या खोलीत नियमाने जाऊन पाहा. तिथे जायची सवय लागली तर लोखंड वाया जात नाही.

पहिल्या फेरीत वजन कमी-जास्त करता येणाऱ्या डंबेलची जोडी, पाठ तिरपी करता येणारा बेंच, रबर मॅट आणि लटकायला एक बार. डंबेल दोन जातींचे मिळतात. एकात दांड्यावर प्लेट चढवून आट्याचं लॉक फिरवायचं, दुसऱ्यात चकती फिरवली की हवं तेवढं वजन उचललं जातं. दुसरा प्रकार झटपट आणि आटोपशीर, पण आतली यंत्रणा नाजूक असते, तो जमिनीवर टाकायचा नाही. पहिला प्रकार कुरूप आहे आणि वर्षानुवर्षं चालतो. बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटीमीटरच्या दरम्यान बघा, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत हेच माप असतं. आडवं झाल्यावर टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत.

पुल-अप बार भिंतीवर लावायचा तर भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत, अँकर बोल्टने. प्लास्टरवर, पोकळ ठोकळ्यांवर किंवा पार्टिशनवर नको. लटकलेला माणूस स्थिर नसतो, झोके घेतो, आणि बोल्टवरचा ताण त्याच्या वजनापेक्षा बराच वाढतो. भाड्याच्या घरात दाराच्या चौकटीत अडकवायचा बार चालतो, फक्त चौकट आधी हलवून पाहा.

दुसरी फेरी बारबेल, प्लेट आणि रॅकची. बार २० किलोचा, टोकं ५० मिलिमीटर व्यासाची आणि प्लेटची भोकंही तेवढीच. बारीक, साधारण एका इंचाच्या टोकांचे बार स्वस्त वाटतात, पण पुढे मोठं वजन घ्यायला निघालात की बार आणि प्लेट दोन्ही बदलावे लागतात. हात लहान असतील तर १५ किलोचा, २५ मिलिमीटर जाडीचा बार मुठीत छान बसतो, आणि त्यालाही त्याच प्लेट लागतात.

प्लेट किती? १.२५, २.५, ५, १० आणि २० किलो, प्रत्येकी एक जोडी. गंमत अशी की ही वजनं दुपटी-दुपटीने वाढतात, त्यामुळे बार धरून २० पासून ९७.५ किलोपर्यंत २.५ किलोचा एकही टप्पा सुटत नाही. पहिल्या वर्षभरात बहुतेकांना याहून जास्त लागत नाही. एक अडचण डेडलिफ्टची. मोठी प्लेट लावली की बार जमिनीपासून २२.५ सेंटीमीटरवर राहतो. नवख्याच्या ५ किलोच्या प्लेट छोट्या असतात, बार खाली जातो आणि पाठ वाकते. प्लेटखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा, भागतं.

जुनं सामान घ्यायला कचरू नका, लोखंडाला मुदत नसते. बार मात्र रॅकवर ठेवून फिरवून बघा. टोक गोल-गोल हेलकावे खात असेल तर तो वाकलाय, सोडून द्या. वेल्डिंगच्या सांध्यांवर केसासारखे तडे आहेत का पाहा, आणि प्लेट वजनकाट्यावर घाला. स्वस्त प्लेट लिहिलेल्या आकड्याशी प्रामाणिक असतीलच असं नाही. निदान डाव्या-उजव्या जोड्या सारख्या वजनाच्या लावता येतील.

सगळे व्यायाम एकाच सांगाड्यावर करून देणारी मल्टिजिम मी तरी घेणार नाही. जागा रॅकएवढीच खाते, केबल आणि पुली सांभाळाव्या लागतात आणि विकायला काढली की कुणी हात लावत नाही. ट्रेडमिल शेवटी, आणि तेही बाहेर चालायला खरंच जमत नसेल तर. घेतलीत तर तिच्या मागे निदान २ मीटर मोकळे ठेवा. घसरलेला माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकला की वाईट जखमा होतात.

एकट्याने उचलताना

घरच्या जिममध्ये मागे उभा राहणारा कुणी नसतो, आणि सर्वांत धोक्याचा व्यायाम बेंच प्रेस (बेंचवर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं) असतो, कारण बार थेट छातीवर आणि मानेवर येतो. म्हणून रॅक घेताना रंग बघण्याआधी सेफ्टी बार बघा, म्हणजे हातातून सुटलेला बार झेलणारे रॅकचे आडवे दांडे. त्यांची उंची अशी ठेवा: नेहमीसारखी छाती उचलून आडवं व्हा, रिकामा बार छातीला टेकवा. सेफ्टी त्याच्या किंचित खाली असायला हव्यात. आता श्वास सोडून पाठ सपाट करा. बार सेफ्टीवर टेकला आणि छाती सुटली तर उंची बरोबर. मग बार मानेकडे सरकवून तिथेही जागा राहते का बघा. हे रिकाम्या बारने दोन-तीनदा करा, मगच वजन चढवा. रॅक नसेल तर बेंच प्रेस डंबेलवर करा. बारवर करायचाच असेल तर प्लेट अडवणारे लॉक लावू नका, अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट घसरवून टाकता येतात. बाकी व्यायामांना लॉक हवेतच.

प्लेट उतरवताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नका. रॅकवरचा बार दुसऱ्या बाजूला उलटतो आणि रिकामं टोक थेट तोंडावर येतं. आलटून-पालटून काढा. फोन जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी ठेवा. घरात लहान मुलं असतील तर ट्रेडमिलची सेफ्टी किल्ली काढून कुलपात, आणि प्लेट भिंतीला टेकवून उभ्या कधीच नकोत. खुंट्यांवर लावा, जड खाली, हलक्या वर.

आरसा लावायचा तर त्याची खालची कड जमिनीपासून अर्धा मीटर वर ठेवा. सुटलेली प्लेट गडगडत गेली तरी ४५ सेंटीमीटरच्या वर पोचत नाही.

आवाजाचं म्हणाल तर भिंतींना फोम चिकटवून काही होत नाही, कारण दणका हवेतून नव्हे, जमिनीतून जातो. जाड रबर, त्याखाली प्लायवुड आणि हळू उतरवलेलं वजन हेच खरं. डंबेल या शब्दाचा मूळ अर्थच मुकी घंटा: घंटा वाजवण्याचे हातवारे करायचे, पण घंटा नाही, असं व्यायामाचं एक जुनं साधन होतं. शेजाऱ्यांना आजही तीच आवडेल.

पहिला महिना

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, अशी आहे. ते दोन-तीन दिवस खोलीत, बाकी चालणं बाहेर. दर खेपेला एक बैठकीचा, एक ढकलण्याचा आणि एक ओढण्याचा व्यायाम, प्रत्येकी तीन सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट), शेवटी अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटेल एवढंच वजन. भिंतीवर वही टांगा आणि आकडे लिहा. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा जुना त्रास असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांनी रॅकचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवं सामान वजनाखाली बसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात. तेव्हाच पाणसळ पुन्हा लावून बघा, प्लायवुड दबून एखादी पाचर सरकलेली असते.